मिसरूड फुटतं तेव्हा

पालवी फुटते, कोंब फुटतो, तसं मिसरूडही फुटतं. ओठावरच्या पहिल्या केसांसाठी मराठीला हेच क्रियापद कसं सुचलं असेल, याचा मला दर वेळी अचंबा वाटतो. कारण जे फुटतं ते आत आधीपासून दडलेलं असतं. चैत्रात कोवळी पानं दिसतात, पण त्यांचे डोळे फांदीने आधीच धरलेले असतात. आठवी-नववीतल्या मुलाच्या ओठावर जी काळसर रेघ उमटते, तिची मुळंही त्या वर्षीची नसतात. तो आईच्या पोटात जेमतेम तीन महिन्यांचा असताना ती रोवली गेलेली असतात. आणि गर्भाच्या अंगावर केसांची मुळं सगळ्यात आधी कुठे धरतात? भुवया, वरचा ओठ आणि हनुवटी. मिशीची जागा सगळ्यांच्या आधी आखली जाते आणि मिशी यायला मात्र तेरा-चौदा वर्षं लागतात.

पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ही आखणी अंगभर पुरी होते. प्रत्येक केसाचं मूळ कातडीतल्या एका इवल्या खळगीत बसलेलं असतं; तिला रोमकूप म्हणतात. माणसाच्या अंगावर असे सुमारे ५० लाख रोमकूप असतात आणि त्यातले जेमतेम १ लाख डोक्यावर. तळहात, तळपाय, ओठ असे मोजके भाग सोडले तर त्यांच्यावाचून जागा नाही. जन्मानंतर त्यांत एकाचीही भर पडत नाही. पाळण्यातल्या तान्ह्या मुलीच्या अंगावर जेवढे रोमकूप, साधारण तेवढेच आखाड्यातल्या केसाळ पैलवानाच्या अंगावर. आपल्याला उघड्या अंगाचा प्राणी समजण्याची सवय आहे. पण कातडीच्या तेवढ्याच तुकड्यावर चिंपांझीचे जितके रोमकूप भरतात, जवळपास तितकेच आपले भरतात. त्याच्या केसांचा घोंगडा होतो आणि आपले डोळ्यांत भरत नाहीत, एवढाच काय तो फरक.

डोळ्यांत न भरणाऱ्या या केसांनाही मराठीत स्वतंत्र नाव आहे: लव. सकाळच्या तिरक्या उन्हात गाल किंवा दंड धरून पाहा, म्हणजे ती दिसेल. रंग जवळजवळ नाहीच, लांबी दोन मिलिमीटरच्या आत, जाडी ०.०३ मिलिमीटरहून कमी. केस हा शब्द आपण वापरतो तो जाड, रंग धरलेल्या धाग्यासाठी. शास्त्रज्ञांनीही अंगावरच्या केसांची हीच विभागणी केली आणि त्यांना दोन लॅटिन वळणाची नावं दिली. आपल्या आज्या-पणज्यांनी ती सूक्ष्मदर्शकाशिवाय केली होती.

खरं तर या दोन्हींच्या आधी आणखी एक लव येऊन जाते. गर्भाच्या अंगावर मऊ केसांचा एक पातळ थर असतो. जन्माच्या आधी तो बहुतेक गळतो, आणि बाळ पोटातल्या पाण्याबरोबर तो गिळूनही टाकतं. बाळाच्या पहिल्या काळ्या शीमध्ये हे केस असतात! दिवसांआधी जन्मलेल्या बाळांच्या खांद्यांवर, पाठीवर हा थर अजून शिल्लक दिसतो. मग आजी साय आणि डाळीचं पीठ कालवून बाळाला चोळायला बसते, काही आठवड्यांनी लव जाते, आणि श्रेय पिठाला मिळतं. ती आपली आपण जाणारच असते. बाळाच्या नाजूक कातडीसाठी हात हलका ठेवावा, एवढंच आज्यांना माझं सांगणं.

मग काही वर्षं रोमकूप शांत असतात. पहिली हालचाल होते ती सहा ते आठ वर्षांच्या सुमारास आणि बाहेरून तिचा पत्ताही लागत नाही. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन जातीची सौम्य संप्रेरकं रक्तात सोडू लागतात. मुलाच्याही आणि मुलीच्याही. आपल्याशिवाय ही घटना चिंपांझीसारख्या आपल्या अगदी जवळच्या भाऊबंदांतच दिसते. त्यानंतर काही वर्षांनी मेंदूच्या तळातून आणखी एक इशारा सुटतो, आधी फक्त रात्री, झोपेत. त्यातून मुलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन वाढतं आणि मुलींची बीजांडं जागी होतात. मुलींच्या शरीरातही अँड्रोजेन असतात आणि असायलाच हवेत; काखेतले केस त्यांच्यामुळेच येतात. त्यांना नुसतं पुरुषी संप्रेरक म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. रक्त सगळ्या अंगाला एकच आहे. त्यातलं संप्रेरकही एकच. ते ५० लाख दारांवर सारखीच थाप मारतं, पण प्रत्येक दारातून उत्तर वेगळं येतं. पापण्या आणि भुवया जवळपास उत्तरच देत नाहीत. काख आणि जांघ थोड्याशा अँड्रोजेनवरही जाग्या होतात, म्हणून तिथले केस मुलामुली दोघांनाही येतात. हनुवटी आणि छाती बऱ्याच उशिरा आणि बऱ्याच जास्त मात्रेनंतर हलतात. आणि टाळू? काही पुरुषांत ती वीस-तीस वर्षं काहीच करत नाही आणि मग त्याच संप्रेरकाला उलटं उत्तर देते: तिथले रोमकूप आक्रसत जातात आणि जाड केसाची पुन्हा लव होते. ज्या रसावर दाढी वाढते, त्याच रसावर टक्कल पडतं.

याची एक बाजू ॲरिस्टॉटलने २३०० वर्षांपूर्वी हेरली होती. काही केस माणूस जन्मताना घेऊन येतो आणि काही वयात आल्यावर येतात, असे त्याने दोन गट पाडले. लहानपणी खच्ची केलेल्या मुलांना हे नंतरचे केस येत नाहीत आणि षंढांना टक्कल पडत नाही, हेही त्याने नोंदवलं. त्यामागचं संप्रेरक पक्कं व्हायला विसावं शतक उजाडलं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने दाखवलं की ज्या पुरुषांची वृषणं वयात येण्याआधीच निकामी झाली होती त्यांना टक्कल पडत नव्हतं; पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांतल्या ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस जाऊ लागले.

कोड्याचा दुसरा तुकडा कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला, सालिनास नावाच्या खेड्यात. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली तिथल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतल्या काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित तयार होत होतं. पण टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त जोमदार रूपात रूपांतर करणारं विकर जन्मापासून तोकडं होतं. हे पुरुष अंगाने पिळदार होते, आवाज फुटलेला होता, काखेत केस होते. दाढी मात्र अगदी विरळ आणि टक्कल कुणालाच नाही. म्हणजे काखेला साधं टेस्टोस्टेरॉन पुरतं. हनुवटीला आणि टाळूला डीएचटी लागतं. टक्कलावर आज दिलं जाणारं फिनास्टेराइड हे औषध याच विकराला अडवतं.

पण रोमकूपाला आपण हनुवटीवर आहोत की टाळूवर, हे कळतं कसं? तो पत्ता त्याच्या पेशींतच लिहिलेला असतो. गर्भात अंगाचा आराखडा आखताना जी जनुकं डोकं कुठे, हात कुठे हे ठरवतात, त्यांच्या खुणा कातडीच्या खालच्या थरातल्या पेशी मोठेपणीही जपून ठेवतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोक्याच्या मागच्या बाजूचे रोमकूप उचलून टकलावर रोवले. आजूबाजूचं टक्कल होतं तसंच राहिलं, पण रोवलेले केस वाढत राहिले. नव्या गावात येऊनही त्यांनी जुन्याच गावची चाल सोडली नाही. केशरोपणाचा आजचा सगळा धंदा या एका निरीक्षणावर उभा आहे. पुढे प्रयोगशाळांत दाढीच्या रोमकूपांच्या तळाच्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या गेल्या. अंगापासून तुटलेल्या त्या पेशीही अँड्रोजेन मिळताच वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडू लागल्या.

हे लक्षात आलं की वयात येतानाचे केस एकाला एक तऱ्हेने आणि दुसऱ्याला दुसऱ्याच तऱ्हेने का येतात, हा प्रश्न निराळा दिसू लागतो. संप्रेरक किती, एवढ्यावर उत्तर ठरत नाही. विकर किती, संप्रेरक ओळखणारे रोमकूपातले ग्राहक किती, पेशीतला पत्ता कुठला, आणि हे सगळं आईकडून कसं आलं, वडिलांकडून कसं आलं, यावर ते ठरतं. हॅमिल्टन यांनीच १९५८ साली जपानी आणि गोऱ्या अमेरिकी पुरुषांची तुलना केली, तेव्हा जपानी पुरुषांना दाढी आणि काखेतले केस कमी निघाले. दोन्हीकडच्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये मात्र त्याला शोभेल एवढा फरक नाही. ज्याची दाढी विरळ त्याच्यात पुरुषपण कमी, ही समजूत यातून निकालात निघते. कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना यावरून चिडवणं आता तरी थांबवावं.

आता आपल्याच हाताची बोटं पाहा. मुळाशी असलेल्या पेरावर बहुतेकांना थोडेफार केस दिसतील. मधल्या पेरावर? काहींना आहेत, काहींना एकही नाही. घरातल्या चार माणसांचे हात शेजारी ठेवले तर चार तऱ्हा दिसतात. चार्ल्स डॅनफर्थ यांनी १९२१ साली या मधल्या पेरावरच्या केसांची पाहणी करून ही गोष्ट घराण्यातून चालत येते हे मांडलं. त्या केसांचा तब्येतीशी, ताकदीशी, कशाशी काही संबंध नाही. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांचे जीन तपासले गेले, तेव्हा दाढीचा दाटपणा, भुवयांचा दाटपणा आणि जुळलेल्या भुवया यांच्याशी नातं असलेले वेगवेगळे जीन हाती लागले. दाढी दाट म्हणून भुवया जुळतीलच असं नाही. दोन्हींचे हिशेब वेगळ्या वह्यांत आहेत.

केस वडिलांकडूनच येतात, या समजुतीची एक भारतीय कथाही इथे सांगितली पाहिजे. कानाच्या पाळीच्या कडेवर उगवणारे लांब केस आपल्याकडच्या पुरुषांत बरेच दिसतात. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आले. त्यांचे विद्यार्थी कृष्ण द्रोणमराजू यांनी आंध्रातल्या वंशावळी गोळा करून १९६० साली मांडलं की हा गुण वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातो. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी हे पाठ केलं. २००४ साली दक्षिण भारतातल्या केसाळ कानांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली, तर ती इतर पुरुषांच्या गुणसूत्रांहून वेगळी निघालीच नाहीत. बापाच्या कानावरून मुलाच्या कानाचं भाकीत करायला जाऊ नये, आणि दाढीचं भाकीत करताना आईचे भाऊही पाहावेत.

फरक वेळेतही असतो, आणि वयात येणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त टोचतो तो हाच. लंडनजवळच्या हार्पेंडेन इथल्या एका बालगृहातल्या मुलामुलींच्या वाढीची नोंद १९४८ नंतर अनेक वर्षं ठेवली गेली. त्यावरून विल्यम मार्शल आणि जेम्स टॅनर यांनी १९६९ साली १९२ मुलींवर आणि १९७० साली २२८ मुलांवर निबंध लिहिले. आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ वयात येण्याचे टप्पे मोजतात ते याच कामावरून. या निबंधांच्या नावातच ‘वेगळेपणा’ हा शब्द आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मुलांचा वयात येण्याचा प्रवास सरासरी ३ वर्षांचा निघाला. पण कुणी तो १.८ वर्षांत उरकला आणि कुणाला ४.७ वर्षं लागली. सगळी मुलं निरोगी होती.

मिशीचाही एक ठरलेला मार्ग असतो. ती आधी वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत दिसते, मग मध्याकडे सरकते. पुढे गालांचा वरचा भाग आणि खालच्या ओठाखालची मधली जागा, आणि सगळ्यात शेवटी हनुवटीची बाजू आणि कड. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची दाढी तुकड्या-तुकड्यांत असते. आणखी एक कारण आहे. लवेचा केस एका रात्रीत होत नाही. रोमकूप काही काळ केस वाढवतो, मग थांबतो, केस गळतो, आणि मग रोमकूप आपला खालचा भाग नव्याने बांधतो. अँड्रोजेनच्या हुकमाने प्रत्येक नव्या बांधणीत तो थोडा मोठा आणि थोडा खोल होतो, तेव्हा कुठे काही फेऱ्यांनी लवेच्या जागी जाड केस येतो. माणसात शेजारच्या दोन रोमकूपांच्या फेऱ्याही एकाच वेळी चालत नाहीत. गालावर एक ठिपका काळा आणि त्याच्या बाजूचा रिकामा दिसतो तो त्यामुळे. डोक्यावर वाढीची फेरी दोन ते सहा वर्षांची असते, म्हणून वेणी कमरेपर्यंत जाते. हातापायांवर ती काही महिन्यांचीच, म्हणून ते केस थोडके वाढून थांबतात.

वस्तरा फिरवल्याने यातलं काहीही बदलत नाही. पहिल्यांदा दाढी केली की केस राठ होतात, आणि जावळ काढलं की दाट होतात, या दोन्ही समजुती आपल्याकडे पक्क्या आहेत. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली मोजमाप करून पाहिलं. दाढी केल्याने केसांची जाडी आणि वेग वाढला नाही. १९७० साली पाच पुरुषांनी काही महिने दर आठवड्याला एकच पाय तासला आणि दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांचे केस सारखेच राहिले. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. वस्तऱ्याने ते जाऊन बोथट बुंधा उरतो आणि हाताला तो खरखरीत लागतो. केस ज्याने वाढवायचे तो रोमकूप खाली आहे, आणि वस्तऱ्याची पोच तिथवर नाही.

मुलींच्या बाबतीत हा विषय जास्त दुखरा होतो, म्हणून जरा थांबतो. वयात येताना मुलीच्या हातापायांवरची लव गडद होणं, वरच्या ओठावर थोडी दिसू लागणं, नाभीखाली एक पुसट रेघ येणं हे सारं निरोगी मुलींत दिसतं, आणि आपल्याकडे काळ्या केसांमुळे ते अधिक उठून दिसतं. डेव्हिड फेरीमन आणि जे. डी. गॅलवे या दोघांनी १९६१ साली स्त्रियांच्या अंगावरचे केस मोजण्याची एक पद्धत दिली. आज तिच्यात शरीराचे नऊ भाग पाहतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. किती गुणांपलीकडे काळजी करायची हा आकडा मात्र सगळ्या जगाला एक नाही. पूर्व आशियातल्या स्त्रियांसाठी तो खाली धरतात आणि भूमध्य सागराकाठच्या स्त्रियांसाठी वर. डॉक्टरांची मोजपट्टीसुद्धा माणसागणिक सरकते. काढायचे की ठेवायचे, ते त्या मुलीने ठरवावं. तिच्या अंगावर बोट ठेवून टोमणे मारण्याचा अधिकार घरातल्या कुणालाही नाही.

आणि ही लव बिनकामाची नाही. शेफील्ड विद्यापीठात २०११ साली तरुणांच्या एका हातावरची लव काढून आणि दुसऱ्यावरची तशीच ठेवून दोन्हींवर ढेकूण सोडले गेले! लव असलेल्या हातावर ढेकणाला चावायला जागा शोधायला जास्त वेळ लागला आणि माणसाला तो लवकर कळला. प्रत्येक रोमकूपाला मज्जातंतूंचा वेढा असतो; केस जरासा हलला की खबर मेंदूत पोचते. बहुतेकांना एक चिमुकला स्नायूही असतो. तो आकसला की केस उभा राहतो. त्याच क्षणाला आपण रोमांच म्हणतो.

वेगळेपणाला सीमा आहेत, त्याही सांगून ठेवतो. मुलीला आठ वर्षांच्या आधी किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आधी काखेत किंवा जांघेत केस आले, किंवा मुलीच्या हनुवटीवर, छातीवर जाड केस भराभर वाढू लागले आणि पाळीही अनियमित असेल किंवा आवाज बदलत असेल, किंवा मुलीत तेरा वर्षांपर्यंत आणि मुलात चौदा वर्षांपर्यंत वयात येण्याची एकही खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. उपाय असतात.

यातलं काहीच नसेल आणि तरीही आरशापुढे उभं राहून तू गालावरच्या रिकाम्या जागा मोजत असशील, तर एवढं ऐक: दाढीची बांधणी विशीत संपत नाही. हनुवटीचे आणि गालांचे रोमकूप तिशीपर्यंत आणि कित्येकांत त्यानंतरही दाट होत राहतात.